अर्थिंगचा खड्डा

अकोला, १० मार्च १९६३

प्रिय दादास पंचफुलाचा जय भीम.

तुझ्या वायरिंगला कोणाची दृष्ट लागली की काय, न्हाणीतला पत्रा मला चावतो. हसू नकोस. भांडी घासून उठताना ओला हात पत्र्याला टेकला की मुंगळा डसावा तसं कोपरापर्यंत झिणझिणतं. आधी वाटलं, हाताला मुंग्या आल्या असतील. पण मुंग्या काय रोज दिवेलागणीला वेळ धरून येतात? तू मेन स्विचची लोखंडी पेटी ज्या पत्र्याच्या भिंतीवर ठोकलीस, तिच्या मागच्याच बाजूला माझी न्हाणी आहे, म्हणून तुलाच विचारते.

यांना सांगितलं. हे शाळेतून आले ते टायरच्या चपला घालूनच आत आले, पत्र्यावर पंजा ठेवून आरामात उभे राहिले आणि म्हणाले, "पत्रा तुलेच कावून चावते? मले तर ओळखते तो." सासूबाई म्हणाल्या, "भांडे घासाचा कंटाळा आला असन तिले." घ्या! दुखणं माझं आणि करमणूक सगळ्यांची.

शेजारी कोणाला बोलले नाही. जानेवारीत घरभरणीला तू बटण दाबलंस तेव्हा सगळी वस्ती दारात उभी होती. आमच्या आळीतले पहिले विजेचे दिवे, आणि तेही माझ्या भावाच्या हातचे. लोकांना काय सांगू, की मास्तराच्या घरचा पत्रा डसतो?

सुजाता चार वर्षांची झाली. बटण खालीवर करायचा नाद लागला आहे तिला.

तुझी, पंचफुला

---

अमरावती, १६ मार्च १९६३

चि. पंचफुलास देवमनचा आशीर्वाद.

पत्रा चावतो म्हणे! लहानपणी तुला बैलाची दोरीसुद्धा सापासारखी दिसायची, ते आठवलं. तरी विचारतो. दिवे चालू असताना चावतो की बंद असतानाही? इस्त्री लावल्यावर जास्त चावतो का? नीट पाहून लिही.

बाकी घाबरू नकोस. तुला पूर्वी शिकवलेलं विसरलीस का? विजेच्या तारा दोन. येणारी गरम, जाणारी थंडी. गरम तार वीज आणते, थंडी तार ती परत नेते. गरम मारते, थंडी मारत नाही. गरमला मी लाकडी पट्टीवर अशी बसवली आहे की उंदरालाही सापडायची नाही.

माझी वायरमनच्या परवान्याची परीक्षा ५ मे रोजी आहे. अकरा वर्षं दुसऱ्याच्या परवान्याखाली राबलो. आता आपल्या घराण्यात पहिला परवाना येईल, मग फ्रेम करून भिंतीवर टांगतो. गुरुजींना नमस्कार सांग. म्हणावं, पत्र्याला चावायला मास्तरीणच मऊ लागली.

तुझा दादा, देवमन

---

अकोला, २४ मार्च १९६३

प्रिय दादास जय भीम.

तू सांगितलंस तसं चार दिवस पाहिलं. सगळी बटणं बंद असली की पत्रा गरीब गाईसारखा. एक दिवा लावला की बारीक चुणचुण. दोन्ही दिवे लावले की जास्त. आणि सकाळी हे शाळेसाठी सदऱ्याला इस्त्री करायला बसले की मी न्हाणीत अंग चोरून उभी राहते. परवा हातातला गडवाच खाली पडला. चपला घातल्या की काही होत नाही. अनवाणी, त्यातून ओल्या फरशीवर असलं की होतं. यांना म्हटलं, तुम्ही चपला काढून हात लावा. म्हणाले, "मी काय नाटकातला मारुती हाये, अनवानी उड्या माराले?"

आमच्या मागच्या गल्लीत मुनव्वर मिस्त्री राहतात. कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं विजेचं काम केलेला माणूस. परवा त्यांच्या हाजराबी दळणाला भेटल्या, म्हणाल्या, मिस्त्रीला पाठवू का? तू म्हणशील तर बोलावते. पाच मिनिटांचं काम असेल.

तुझी, पंचफुला

---

अमरावती, ३० मार्च १९६३

चि. पंचफुलास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तसं लगेच लिहितो आहे. मुनव्वर मिस्त्रीला बोलावू नकोस. म्हातारा चांगला आहे, पण एका मिस्त्रीच्या कामात दुसरा मिस्त्री डोकावला की त्याला खोट काढल्याशिवाय चहा गोड लागत नाही. परीक्षा तोंडावर आहे. तो अकोल्यात चार जणांना बोलला, ते इथं माझ्या साहेबांच्या कानावर आलं, तर माझा परवाना तिथंच राहिला. इतकं माझ्यासाठी कर.

दोष मला समजला. लोखंडी पेटीत कुठून वीज उतरली तर ती जमिनीत जावी म्हणून पेटीपासून एक तार जमिनीत पुरतात, त्याला अर्थिंग म्हणतात. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात आणि तो ओला ठेवावा लागतो. उन्हाळ्यात आपली काळी जमीन सुकून भेगाळते, मग अर्थिंग काम करत नाही. पत्र्याच्या भिंतीमागं मी विटेचा एक तुकडा उभा रोवला आहे, तोच खड्डा. तिथं रोज एक घागर पाणी टाक. एक दिवसही चुकवू नकोस.

गुरुजींचा विश्वास बसत नसेल तर त्यांना एकदा चपला काढून, पाय ओले करून पत्र्याला हात लावायला सांग. एक झटका बसला की बायकोचं खरं वाटेल.

तुझा दादा, देवमन

---

अकोला, १७ एप्रिल १९६३

प्रिय दादास जय भीम.

रोज टाकते आहे. पहिले चार दिवस बरं वाटलं, किंवा मीच मनाला तसं समजावलं. आता पुन्हा तेच. चौदा एप्रिलला यांनी आपल्या घरातून तार ओढून दारात बारा दिवे लावले. काय शोभा आली होती म्हणून सांगू! लेकरं सगळी त्या उजेडात नाचत होती. पण तेव्हापासून आपले दिवे मधेच मंद होतात, मधेच भडकतात, आणि पत्रा आता चुणचुण करत नाही, ढकलून देतो. सुजाताला मी न्हाणीत जाऊ देत नाही, बाहेर दगडावर आंघोळ घालते.

पाण्याचं काय सांगू? नळाला एक दिवसाआड पाणी, तेही अर्धा तास. विहिरीचं इतकं खारट की डाळ शिजत नाही. चार घागरींतली एक मी विटेजवळ ओतते. सासूबाई कपाळाला हात लावतात. "लेकराले प्याले पाणी नाही अन् हे मातीले पाजून राहिली!" मी म्हटलं, माझ्या दादानं सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "तुया दादाले म्हणा, तिकून एक टाका भरून धाड."

दादा, एक दिवस येऊन जा ना. बडनेऱ्याला गाडीत बसलास की अकोला. परीक्षेचं पुस्तक गाडीत वाच. मला आता भीती वाटायला लागली आहे.

तुझी, पंचफुला

---

अमरावती, २२ एप्रिल १९६३

चि. पंचफुलास आशीर्वाद.

रजा मिळत नाही. ५ मेला परीक्षा झाली की ६ तारखेला सकाळी तुझ्या दारात उभा. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, तोवर पाणी चालू ठेव, आणि इस्त्री कमी वापरायला सांग. भिण्यासारखं काही नाही. पेटीत आली तरी थंडीच येते, आणि थंडी मारत नाही हे मी तुला कितीदा सांगितलं आहे.

घाईत आहे.

देवमन

---

अकोला, ११ मे १९६३

प्रिय दादा,

तू ३० एप्रिलला आलास, पण बायकांच्या गराड्यात मला बोलता आलं नाही. तूही काही विचारलं नाहीस. दारातल्या दगडावर दोन तास मान खाली घालून बसलास आणि गेलास. कोणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून तुला लिहिते.

२९ ला सकाळची शाळा होती. हे आंघोळ करून आले, इस्त्री लावली आणि सदरा पसरला. इस्त्री तापेचना. दिव्याचं बटण दाबून पाहिलं, दिवा नाही. म्हणाले, "लाईन गेली." बटणं तशीच राहिली. मी भांडी घेऊन न्हाणीत निघाले होते. हे हसत हसत माझ्या पुढं न्हाणीत शिरले. पाय ओलेच होते आणि अनवाणी होते. म्हणाले, "आता लाईनच नाही. आज तुया दादाचं औषध घेऊन पाह्यतो. थंडी मारत नाही म्हणते ना तो?"

मी अडवलं नाही. लाईन नव्हती म्हणून अडवलं नाही. उलट बरं वाटलं, की महिनाभरानं एकदाचे चपलेशिवाय हात लावतात.

त्यांनी हात लावला तो सुटलाच नाही. तोंडातून आवाज निघाला नाही. मी हातातली परात टाकली, ओढायला धावले, तर मलाही त्यांनी, म्हणजे विजेनं, भिंतीवर फेकलं. सासूबाईंनी वेळूची काठी मारून हात सोडवला. तोवर सगळं झालं होतं. आमचे गोवर्धन मास्तर बत्तीस वर्षांचे होते.

आता खरं सांगते, ते त्या दिवसापर्यंत कोणालाच सांगितलेलं नव्हतं. २७ आणि २८ ला मी खड्ड्यात पाणी टाकलं नाही. नळाला थेंब आला नव्हता. घरात दीड घागर होती, सुजाताला ताप होता. म्हटलं, दोन दिवसांनी काय होतं? तू लिहिलं होतंस, एक दिवसही चुकवू नकोस. मी दोन दिवस चुकवले.

सासूबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

पंचफुला

---

अमरावती, २० मे १९६३

चि. पंचफुलास आशीर्वाद.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. होणारं टळत नाही. दोन दिवसांच्या पाण्यानं काही होत नसतं. सासूबाईंना सांभाळून घे, त्यांचा एकुलता एक मुलगा गेला आहे. सुजातासाठी दोन फ्रॉक पाठवतो आहे.

मी परीक्षेला बसलो होतो. न बसून काय करणार होतो?

देवमन

---

अकोला, १५ जून १९६३

दादा,

दोन दिवसांच्या पाण्यानं काही होत नसतं, तर मग एक दिवसही चुकवू नकोस असं का लिहिलं होतंस? हे दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवून वाचते.

वीज कचेरीच्या माणसानं खांबावरून आमची तार कापली. कागदावर लिहिलं, ओल्या हातानं स्पर्श. घरात चिमणी लावतो. तरी मी रोज सकाळी विटेजवळ पाणी टाकते. आता त्याचा उपयोग नाही हे मला समजतं. पण हात थांबत नाही. वस्तीतल्या बाया पाहतात आणि आपसात बोलतात. जयंतीला जिच्या दारात उजेड होता, ती आता खड्ड्याचं पाणी चुकवून नवरा घालवलेली बाई झाली आहे. काल सुजातानं माझ्याकडं पाणी मागितलं. मी पेला भरला, तर सासूबाईंनी तो तिच्या हातातून घेतला. म्हणाल्या, "तिच्या हातचं पिऊ नको, बाई. तुया बापाले तिच्या पाण्यानंच खाल्लं." आता लेक तहान लागली की आजीकडं जाते. माझ्याकडं पाहून आधी थबकते, आणि मग जाते. मला आता जगावंसं वाटत नाही. विहीर आहे, पण तीही खारी आणि आटलेली.

ती लोखंडी पेटी डोळ्यांसमोर नको म्हणून मुनव्वर मिस्त्रींना काढायला बोलावलं. त्यांनी झाकण उघडलं आणि कितीतरी वेळ आत पाहत राहिले. मग विचारलं, "बेटी, अर्थिंग की तार किधर गई?" मी वीट दाखवली. ते भिंतीमागं गेले, पुन्हा आत आले, पुन्हा पेटीत पाहिलं. पेटी न काढताच झाकण लावलं. म्हणाले, "तुया भावाले इचार. ज्यानं केलं त्यानंच सांगाव."

म्हणून विचारते. काय सांगायचं आहे तुला?

पंचफुला

---

अमरावती, २ जुलै १९६३

पंचफुला,

पंधरा दिवस तुझं पत्र उशाखाली आहे. आज लिहितो.

त्या विटेखाली काही नाही. खड्डा नाही, कोळसा नाही, मीठ नाही, तार नाही. तू सगळा उन्हाळा लेकराच्या तोंडचं पाणी कोरड्या मातीवर ओतलंस आणि ते मी तुझ्याकडून करवून घेतलं.

घरभरणीच्या आदल्या दिवशी अर्थिंगची तार आणायची राहिली होती. ती जमीन पहारीला दाद देईना. खड्डा, कोळसा, मीठ, यात आणखी एक दिवस गेला असता आणि मला सकाळी वस्तीसमोर बटण दाबायचं होतं. म्हणून पेटीच्या आतच अर्थिंगच्या स्क्रूला वीतभर तारेनं थंडी बांधून टाकली. म्हटलं, पुढच्या खेपेला करू. बाहेर एक वीट रोवली, कोणी विचारलंच तर दाखवायला.

थंडी मारत नाही, ही मिस्त्री लोकांची बोली आहे. तिची वाट खांबापर्यंत धड असेल तोवरच ती थंडी. तुझ्याकडं थंडीचा जोड ढिला होता, म्हणून दिवे लावले की पत्रा चावायचा. चोवीस मार्चच्या तुझ्या पत्रात हे सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते वाचलं तेव्हाच मला खरा दोष समजला. बारा दिव्यांच्या भारानं तो जोड आणखी खिळखिळा झाला आणि २९ ला सकाळी तुटला. थंडीची वाट तुटली की दिवे जातात आणि माणूस म्हणतो, लाईन गेली. लाईन गेलेली नसते. गरम तारेतली वीज इस्त्रीतून थंडीत उतरते आणि तिला परत जायला वाट नसते. मी थंडी पेटीला बांधली होती आणि पेटी पत्र्याला होती. गुरुजींनी हात लावला तेव्हा ती वाट त्यांच्यातून झाली. तू शंभर घागरी ओतल्या असत्यास तरी हेच झालं असतं. मुनव्वर मिस्त्री पाच मिनिटांत ती वीतभर तार तोडू शकले असते आणि मी त्यांना येऊ दिलं नाही.

आणखी एक सांगतो, म्हणजे माझ्याबद्दल काही शिल्लक राहायला नको. परीक्षेत प्रश्न आला होता: घरातल्या लोखंडी पेटीला थंडी तार का बांधू नये? मी दीड पान उत्तर लिहिलं. सगळं बरोबर. परवाना आला आहे. तो मी अजून पाकिटातून काढलेला नाही.

क्षमा मागत नाही. तसं तोंड नाही मला. हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव. पोलिसांना दाखव. मी कुठंही सही करीन.

देवमन

---

अकोला, ११ जुलै १९६३

श्री. देवमन यांस,

पत्र पोहोचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा चुलीजवळ होते. भाकर करपली. नंतर तीन वेळा वाचलं. मला राग यायला हवा होता, पण तो अजून आलेला नाही. यांचा तो हसरा चेहरा तेवढा दिसतो आणि कानात 'थंडी मारत नाही' हे तुझं वाक्य वाजतं.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. एक अक्षर गाळलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "भाऊ कोनाचा? तुयाच ना? बहिनीच्या अंगावरचं आपल्या अंगावर घेऊन राहिला तो. असं कागदावर म्याही लिवून देईन." ऐकायला जमलेल्या शेजारणी मान हलवत होत्या. एक तर म्हणाली, भाऊ असावा तर असा. ऐकलंस? तू खरं लिहिलंस, आणि त्यानं तू चांगला ठरलास.

मुनव्वर मिस्त्रींना विनवलं. म्हणाले, पेटीतली तार दाखवून या बायांना समजणार नाही, त्यांना खड्ड्याचंच समजतं. मी स्वतः खणायला निघाले, तर सासूबाईंनी हात धरला. मी त्यातलं काही काढून फेकीन, म्हणाल्या.

म्हणून तू ये. येत्या रविवारी दिवसाच्या गाडीनं ये. वस्ती घरी असते. तुझ्या हातानं वीट काढ आणि सगळ्यांसमोर खण. कमरेइतकं खण, म्हणजे कोणाला शंका राहायला नको. कोळशाचा एक खडा निघाला, तर मी जन्मभर नवऱ्याला मारणारी बाई राहीन. काहीच निघालं नाही, तर माझी लेक माझ्या हातचं पाणी पिईल.

खणून झालं की खड्डा बुजव आणि तसाच स्टेशनावर जा. आत येऊ नकोस. मी दार लावून घेतलेलं असेल. कुदळ शेजारून मागून ठेवली आहे.

पंचफुला